मुरमावरचा आखाडा

ताकाचा कॅन मातीवर पालथा करत होतो आणि फोन वाजला. माझे हात कोपरापर्यंत बरबटलेले. यल्लाप्पानं माझ्या खिशातून फोन काढून माझ्या कानाला धरला. पलीकडं जत्रा कमिटीचा चेअरमन राजूशेठ होता.

"आप्पा, लोकेशन बदललंय."

"कशाचं?"

"मैदानाचं. यंदा देवळाखाली नको. हायवेच्या कडंला माझं प्लॉटचं लेआउट हाय न्हवं, तितं घ्यायचं ठरलंय. मीटिंग झाली."

"माती भिजवलीया. ताक घातलंय."

"मग उचला की. टिपर लावून देतो."

पोतं उचला म्हणावं तसं म्हणाला आणि फोन ठेवला. यल्लाप्पानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि फोन परत खिशात घातला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

आता हे वाचणाऱ्याला माझा धंदा सांगायला पाहिजे. जत्रेत कुस्त्यांचं मैदान तुम्ही बघितलं असेल. पैलवानांची नावंही पाठ असतील. पैलवान ज्या मातीवर लढतात ती कोण करतं, हे कुणी विचारत नाही. ती मी करतो. निपाणी, संकेश्वर, इकडं बेळगावपर्यंत आणि तिकडं कागलच्या अंगाला, जिथं मातीवरची कुस्ती चालते तिथं आखाडा करायला मला बोलावणं यायचं. शाळा मी तिसरीत सोडली. तिच्यावाचून माझं काही अडलं नाही. मी कुणाचा नोकर नव्हे. ठेक्यानं काम घेतो, माझ्या पद्धतीनं करतो, आणि माझ्या कामात कुणी बोट घातलेलं मला खपत नाही.

आखाडा म्हणजे नुसती माती पसरणं नव्हे. आधी जमीन गुडघाभर उकरायची. दगड-खडा वेचून काढायचा. मग खानापूरकडची तांबडी माती आणायची, गुंजीच्या आसपास चांगली मिळते. ती चाळायची आणि तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचा. पाणी मारायचं, वरखाली करायची, झाकून ठेवायची, परत वरखाली करायची. चार-पाच दिवसांत ती पिकते. पिकलेली माती पैलवानाला झेलते. पण खरं झेलणारी जमीन असते, मातीच्या खालची. ती मऊ पाहिजे. वरची माती कितीही चांगली असली आणि खाली दगड असला, तर तो फरशीवर गोधडी टाकल्यातला प्रकार.

आमच्या या मैदानाचा आखाडा देवळाखालच्या रानात व्हायचा. माझ्या बापानं तिथंच केला, मी तिथंच करत आलो. ते रान दरवर्षी उकरून उकरून लोण्यासारखं झालं होतं.

आणि आमच्यात ठेका कसा ठरतो तेही सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. पाडव्याच्या आसपास कमिटीची माणसं घरी येतात. नारळ आणि सुपारी हातात देतात. सुपारी घेतली की काम घेतलं. कागद नाही, सही नाही. किती पैलवान, कुठल्या दिवशी, टिपर कुणाचा, एवढं बोलणं होतं. जागा कुणी बोलत नाही. बोलायची गरजच काय? जागा कुठं जाणार आहे?

संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"सुपारी परत द्या," ती म्हणाली.

"घेतलेली सुपारी परत द्यायला मी काय बँडवाला हाय?"

"बँडवाले बरे. वाजवून झालं की चालत घरला येत्यात."

मी जेवलो. सुपारी परत देणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी हायवेच्या हॉटेलात चहाबरोबर चर्चा झाली असती की आप्पा थकला, आप्पाला आता झेपत नाही. मैदान चार दिवसांवर आलेलं. मी नाही म्हटलं असतं तर राजूशेठनं कुणाकडूनही माती ओतून घेतली असती. आणि माझी एकच मिजास होती. माझ्या आखाड्यात आजवर कुणाची मान मोडली नव्हती. हाडं सरकली, खांदे उतरले, ते कुस्तीत चालायचंच. पण माझ्या मातीवरून कुणाला उचलून न्यावं लागलं नव्हतं. या गावच्या मैदानात ते व्हावं आणि लोकांनी म्हणावं की आप्पानं सुपारी घेऊन पळ काढला, हे मला मेल्यावरही पचलं नसतं.

सकाळी यल्लाप्पाला घेऊन लेआउटवर गेलो. यल्लाप्पा माझा जोडीदार. मूळचा गोकाककडचा, घरात कानडी. आम्ही दोघं आखाडे करत करतच म्हातारे झालो. माझ्यापेक्षा तो थोडा लहान आणि अंगानं दुप्पट.

लेआउटला मोठी कमान. आत पांढरे दगड रोवून त्यांवर प्लॉटचे नंबर टाकलेले. सगळीकडं मुरूम टाकून रोलर फिरवलेला. मुरूम म्हणजे रस्त्याखाली घालतात तो बारीक फुटका दगड. मी टाच आपटली. टाचेतून कळ गुडघ्यापर्यंत आली. यल्लाप्पानं खाली बसून बोटानं उकरून बघितलं आणि नख चोखत उभा राहिला.

स्टेज आधीच उभं होतं. मागं हायवेपर्यंत दिसेल एवढं बॅनर. त्यावर पैलवान बारीक, पुढारी मोठे, आणि सगळ्यांत मोठं लेआउटचं नाव. तेव्हा मला कळलं मैदान का हललं ते. कॅमेऱ्यात कुस्ती दिसली की मागं प्लॉट दिसणार. पार्किंग, मंत्र्याची गाडी, परमिशन, ही सगळी नंतर जोडलेली कारणं.

राजूशेठ गाडीतून उतरला. वाईट माणूस नव्हे तो, एवढं मी म्हणेन. लहानपणी माझ्याच आखाड्यात लंगोट लावून लोळलेला आहे. पण मोठा झाल्यावर त्याला जमीन फक्त चौरस फुटांत दिसायला लागली.

"उकरायला लागंल," मी म्हणालो. "गुडघाभर. जेसीबी पाहिजे."

"लेआउट फोडू व्हय आप्पा? बुकिंग चालू हाय."

"मग कुस्त्या बुकिंगवाल्यांच्यात लावा."

तो हसला. जरा घासाघीस झाली आणि जेसीबी मिळाला. दुपारपर्यंत अर्ध्या आखाड्याचा मुरूम निघाला. खाली काळी माती लागली, चांगली. मला जरा बरं वाटलं. आणि तेवढ्यात लेआउटचा इंजिनियर मोटारसायकलवरून हात हलवत आला. स्टेजच्या अंगाला खालून गटाराचा पाइप गेला होता. तिथं जेसीबीची बादली लावली तर पाइप फुटणार. जेसीबी थांबला.

मी म्हणालो, आखाडा पलीकडं सरकवू. तर मांडवाचे खांब काँक्रीटमध्ये रोवलेले. मी म्हणालो, मग स्टेज या अंगाला घ्या, मऊ बाजूला. राजूशेठ म्हणाला, स्टेज हलणार न्हाय, लाइटिंग झालंय. मग मी म्हणालो, मैदान परत देवळाखाली घ्या, तिथं माती पिकून पडलीया, अजून वेळ गेली नाही.

"आप्पा, पत्रिका वाटल्यात," तो म्हणाला. "तुम्ही ऍडजेस्ट करा की जरा. इतकी वर्सं करताय. तुम्हाला काय अवघड हाय?"

हे 'तुम्हाला काय अवघड हाय' लई वाईट असतं. ते ऐकलं की माझ्यासारखा माणूस फसतो.

तर आखाडा असा झाला. अर्धा मऊ आणि अर्धा कडक. स्टेजच्या समोरचा तो कडक. आणि मोठ्या कुस्त्या स्टेजच्या समोरच लागतात, कारण पंच तिथं, पाहुणे तिथं, फोटो तिथं. पैलवान कितीही मधोमध उभे केले तरी झोंबत झोंबत तिकडंच जातात.

आम्ही हात चालवले. देवळाखालची पिकलेली माती टिपरनं आणली. एकदा बसलेली माती उचलली की तिचा जीव जातो, मोकळी पडते, पुन्हा पाणी देऊन तुडवावी लागते. कडक बाजूला आधी उसाच्या पाल्याचा जाड थर दिला, पाणी मारून दाबला, त्यावर माती ओतली. दोन दिवस तुडवली. पाला दबला, माती खचली, परत ओतली. शेवटी पाटा फिरवला. वरून बघणाऱ्याला आखाडा एकसारखा. तांबडा, सपाट, कापराचा वास मारणारा. ड्रोनवाल्या पोरानं वरून फोटो काढून मला दाखवला. म्हणाला, काका, एक नंबर.

मला मात्र आत काय आहे ते माहीत होतं. यल्लाप्पालाही.

आता आमची एक पद्धत आहे. मैदान सुरू व्हायच्या आधी, हलगी लागली की, आखाडा करणारा पहिल्यांदा मातीत उतरतो. त्याचा जोडीदार त्याला उचलून आपटतो. पाठ लागली पाहिजे, कुस्तीत हरल्यासारखी. मग त्यानं आपल्या पायांवर उठायचं, मूठभर माती घेऊन कपाळाला लावायची आणि बाहेर यायचं. पहिली पाठ आखाडा करणाऱ्याची. त्यानंतर कुणाची लागेल त्याची लागो. माझ्या बापाची पाठ मी लावत होतो. पुढं माझी पाठ यल्लाप्पा लावायचा. तालमीचे वस्ताद, म्हणजे पैलवानांना शिकवणारे, हे सगळं नीट बघतात. त्यांना लांबून कळतं, माती कशी झाली आहे.

मैदानाच्या सकाळी राजूशेठ पांढरा फेटा बांधून माझ्याजवळ आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "आप्पा, पाठ तिकडच्या अंगाला लावा. मऊकडं."

"कुस्त्या कुठं लागणार?"

"त्ये बघू आम्ही. पंचांना सांगतो, तिकडंच लावा म्हणून."

"पंच झोंबणाऱ्याला धरून तिकडं नेणार व्हय?"

"आप्पा, तुमचं वय काय, आणि..."

त्यानं पुढं काय म्हटलं ते मी ऐकलं नाही. मी सदरा काढला आणि मातीत उतरलो. स्टेजच्या समोर जाऊन उभा राहिलो. हलगी वाजत होती. दोन्हीकडची माणसं आली होती, बॉर्डरच्या अलीकडची आणि पलीकडची. कडेला तालमीची पोरं अंगाला तेल लावून बसलेली.

यल्लाप्पा आत आला. माझ्या मनगटाला धरलं आणि हळूच मला मागं ओढायला लागला, मऊ बाजूला.

"ब्याड, आप्पा," तो म्हणाला. नको. त्याचं मराठी माझ्याइतकंच चांगलं आहे. जिवावरचं काही असलं की तो कानडीत बोलतो.

"हितंच."

"तुला काय सिद्ध करायचं हाय?"

"मला काय बी न्हाय. ही पोरं हितं पडणार हाईत. आदी मी पडतो. ढिला मारू नको."

"ढिला मारला तर कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

त्यानं डोळे मिटले. मग मला ढाक मारली. ढाक म्हणजे समोरच्याला कमरेवर घेऊन पलटी देणं. वर्षानुवर्षं त्यानं मला तशीच मारलीय आणि मी उठलोय. त्या दिवशी मी खाली आलो तशी माती दोन्हीकडं फाकली, खालचा पाला सरकला, आणि मुरूम वर आला. मी गेलो नाही मुरमावर, मुरूमच माझ्यावर आला, असं वाटलं. कमरेत काहीतरी वाळकं लाकूड मोडल्यागत वाजलं. वर बघितलं तर तो ड्रोन माझ्यावर घिरट्या घालत होता.

मी उठायला बघितलं. पद्धत आहे, आपल्या पायांवर उठायचं. एक हात टेकला, डावा पाय ओढला. तो आला नाही. मूठभर माती मात्र घेतली होती. ती पडल्या पडल्या कपाळाला लावली. अर्धी पद्धत पार पडली, अर्धी राहिली.

हलगी थांबली.

कागलच्या अंगाचे एक म्हातारे वस्ताद कडेवरून आत आले. मी पडलो होतो त्याच्या शेजारी बसले, मातीत हात घातला आणि मनगटापर्यंतही गेला नाही तोच बोटं मुरमाला लागली. हात बाहेर काढून झटकला आणि आपल्या पोरांकडं वळून म्हणाले, "कपडे घाला."

एका तालमीनं कपडे घातले, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. कुणी आरडाओरडा केला नाही. स्टेजवर माईक सुरू झाला. राजूशेठ सांगत होता की आपले आप्पा वयोमानामुळं चक्कर येऊन पडलेत, घाबरायचं कारण न्हाय, कार्यक्रम थोड्याच वेळात सुरू व्हईल.

मी मातीत पडून ते ऐकलं. वयोमानामुळं. मला कमरेपेक्षा ते जास्त लागलं.

यल्लाप्पानं मला टेम्पोत घालून बेळगावला नेलं. कमरेचं हाड होतं. डॉक्टरांनी आत स्टीलची पट्टी घातली. बायको आली आणि कॉटपाशी बसून तिनं फक्त चादर सारखी केली. बँडवाल्यांचं काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

यल्लाप्पा मला तिथं सोडून गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. मी पहिला प्रश्न विचारला.

"कुणाची मान?"

"कुणाची न्हाय."

"कुस्त्या झाल्या?"

झाल्या होत्या. राजूशेठनं फोनाफोनी करून बेळगावहून मॅट मागवली. रबरी असते, तुकड्या-तुकड्यानं जोडतात, वर कापड ओढतात. दुपारपर्यंत टेम्पो आला. आमची माती फावड्यानं बाजूला सारली, उकरलेल्या बाजूला परत मुरूम भरून रोलर फिरवला आणि त्या सपाट मुरमावर मॅट टाकली. वस्तादांनी हात दाबून बघितलं, मान हलवली, पोरांनी पुन्हा कपडे काढले. मंत्री आले. उशीर झाला तरी गर्दी हटली नाही. उलट बाहेरगावचे लोक म्हणत होते की मॅटवर कुस्ती छान दिसते, धुरळा नाही, कपडे खराब नाहीत.

"आणि पहिली पाठ?"

यल्लाप्पा खिडकीतून बाहेर बघत होता. "मॅटला पाठ कशाला लागती, आप्पा? कंपनीची हाय."

मग राजूशेठ आला, हॉस्पिटलात. शाल, नारळ, सफरचंदं. हॉस्पिटलचा खर्च कमिटी बघंल म्हणाला, आणि खरंच बघितला. त्यात मी त्याला बोल लावणार नाही. जाताना दारात थांबून मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "तुमची माती फुकट गेली न्हाय आप्पा. गार्डनला घातली. लॉन काय आलंय, बघायला या."

"येणारच की," मी म्हणालो. "ताक पिऊन हाय ती."

त्याला ते कौतुक वाटलं. हसत गेला.

लेआउटला आता मल्लभूमी नगर नाव दिलंय. प्लॉट बरेच गेले म्हणतात. देवळाखालच्या रानात मालकानं ऊस लावला. मैदान नाही तर रिकामं कशाला ठेवायचं, त्याचंही बरोबर आहे. ऊस जोरात आहे. कुणाला सांगायला नको की त्या जमिनीत किती वर्षांची हळद आणि तेल मुरलंय.

यंदा पाडव्याला माझ्या घरी कुणी आलं नाही. मी सोप्यावर काठी घेऊन बसलो होतो, आत्ता येतील म्हणून नव्हे, पण बसलो होतो. सुपारी बेळगावच्या मॅटवाल्याला गेली. यल्लाप्पा आता त्याच्याकडं जातो. मॅटचे तुकडे जोडायचे, कापड ताणायचं, दोरी आवळायची. मला सांगायला आला तेव्हा दारातच उभा राहिला, आत येईना. मी म्हणालो, ये की, चहा घे. त्यानं घेतला. त्याच्या घरात खाणारी तोंडं आहेत, माझी मिजास त्यानं का पोसावी? जाता जाता म्हणाला की मॅटवर काम हलकं आहे, पण संध्याकाळी अंगाला कसलाच वास येत नाही. त्याची बायको म्हणते, कामावर गेलता का बसून आला?

आमच्या धंद्यातली आता फार माणसं राहिली नाहीत. पण ठेक्यानं काम घेणारे पुष्कळ आहेत, मांडववाले, सेंट्रिंगवाले, विहिरीचं काम करणारे. त्यांच्यासाठी एवढं लिहून ठेवतो. जागा बदलली की काम बदललं. जुनं बोलणं तिथं संपलं, नवीन बोलणं पाहिजे, आणि ते जमलं नाही तर नारळ-सुपारी त्याच माणसाच्या हातात परत द्यायची. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. मी त्या दिवशी बोलणं केलं नाही, पाठ लावली. माझ्या बापानं कधी जागा विचारली नव्हती, कारण त्याच्या काळात जागा होती तिथंच राहायची आणि माणसं तिच्याकडं जायची. आता जागा रातोरात हायवेला जाते, आणि बसून राहायचं ते माणसानं. म्हणून पुढं कुणी सुपारी पुढं केली, तर हात मागंच ठेवा आणि आधी विचारा, कुठं. मग तिथं जा आणि टाच आपटून बघा.